चारचं पाणी

येळवशीला, म्हणजे वेळ अमावस्येच्या सणाला, दादांच्या हातून आंबीलीचं लोटकं पडलं आणि आम्ही सगळे हसलो. रानात, कडब्याच्या कोपीसमोर, पंधरा-वीस माणसांच्या पंगतीत मातीचं एक लोटकं फुटलं तर कुणी काय करणार? आतेभाऊ ओरडला, "मामाला आंबील चढली!" पोरं खिदळली. मायनं "अगं बाई, धोतर भिजलं की" म्हणत पदरानं पुसलं. दादा हसले नाहीत. ते आपल्या उजव्या हाताकडं बघत राहिले, शेजाऱ्याकडून मागून आणलेल्या अवजाराकडं बघावं तसं. मग डाव्या हातानं त्यांनी उजवी बोटं चोळली. मी समोरच बसलो होतो, भज्जीनं माखलेला बाजरीचा उंडा हातात घेऊन. ते चोळणं मी पाहिलं. थंडीनं असंल, असं मनात आलं आणि गेलं. दहा मिनिटांनी त्यांनी त्याच हातानं कांद्याची पात मोडली, उंडा कुस्करला, दोनदा भज्जी मागून घेतली. सांडलेली आंबील मातीत जिरून गेली. लसणाचा आणि आंबलेल्या ताकाचा वास तेवढा संध्याकाळपर्यंत तिथं रेंगाळत होता.

त्या लोटक्याला डॉक्टरी भाषेत नाव आहे, हे मला पुढं अकरा दिवसांनी कळलं. टीआयए. मेंदूच्या रक्तवाहिनीत बारीकशी गुठळी येऊन अडकते, थोडा वेळ तो भाग उपाशी राहतो, मग गुठळी आपली आपण सरकते आणि सगळं पहिल्यासारखं. पहिल्यासारखं होतं म्हणूनच कुणी दवाखान्यात जात नाही. "चोर घर बघून गेला होता तुमचं," डॉक्टर म्हणाले. पुढच्या दोन दिवसांत तो परत येण्याची भीती सगळ्यात जास्त असते म्हणे. आमच्याकडं तो त्याच रात्री आला.

रात्री म्हणजे कधी, हाच तर प्रश्न आहे.

दिवस मावळल्यावर पोरांनी पेटती पेंढी घेऊन पिकाभोवती फेरी मारली, आम्ही कोप आवरून गावात आलो. घर पाहुण्यांनी गच्च भरलेलं. बायका आत, पोरं माळवदावर गोधड्यांत, गडी माणसं जागा मिळेल तिथं. दादा नेहमीसारखे ढाळजंत, दारालगतच्या ओसरीत, आपल्या बाजेवर. दहाच्या सुमाराला मी तिथून गेलो. हातात मोबाईल होता, ऑफिसच्या ग्रुपवर कुणीतरी काहीतरी विचारलं होतं. जाता जाता म्हणालो, "दादा, झोपा आता." ते म्हणाले, "हं." सकाळी पावणेसहाला माय चहा घेऊन गेली तर उठेनात. हलवलं तर डोळे उघडले, पण तोंड डावीकडं ओढलेलं. तिनं बशीनं चहा पाजायचा प्रयत्न केला, तो उजव्या कडेनं उशीवर ओघळला आणि उरलेला ठसक्यात गेला. असं काही कधीच पाजायचं नसतं, छातीत उतरतं, हे आता मला पाठ आहे. तेव्हा आम्ही चौघं वर "पाणी पाजा, पाणी पाजा" म्हणत होतो.

अंगणात जीप उभी होती आणि आम्ही तिच्याभोवती अर्धा तास भांडलो. धाकट्या काकांचं म्हणणं, अंगावरून वारं गेलंय, दवाखान्यात नेऊन सुया टोचल्या तर बसलेलं वारं उठत नाही. आधी झाडपाल्याचं औषध देणाऱ्याकडं न्यायचं. आतेभाऊ म्हणत होता, तालुक्याच्या डॉक्टरला दाखवू, मग बघू. मी लातूरच म्हणत होतो, पण ते माहितीमुळं नाही. मी लातुरात राहतो, मला दुसरं काही सुचत नव्हतं एवढंच. 108 ला फोन करावा हे कुणालाच आठवलं नाही. गाडी 2014 पासून आमच्या रस्त्यानं ये-जा करतेय, पण ती बाळंतिणीची आणि ॲक्सिडेंटची, असं आमच्या डोक्यात बसलेलं. शेवटी मायनं भांडण मिटवलं. ती जीपमध्ये चढली, दादांचं डोकं घ्यायला मांडी करून बसली आणि म्हणाली, "भांडायचं त्यानं हितं थांबा."

कॅज्युअल्टीत साडेसातला पोचलो. स्ट्रेचर आत गेलं आणि एका तरुण डॉक्टरनं मला बाजूला घेतलं.

"शेवटचं नीट कधी पाहिलं होतं?"

"सकाळी पावणेसहाला लक्षात आलं, सर."

"लक्षात कधी आलं ते नाही विचारत. नीट कधी होते?"

हा प्रश्न त्यांनी तीनदा विचारला. दुसऱ्यांदा मला वाटलं, हा माणूस मला ओरडायलाय. नंतर कळलं की तिथलं सगळं गणित या एका आकड्यावर उभं असतं. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन लकवा झाल्यापासून साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं. माणूस झोपेतच आडवा सापडला, तर घड्याळ तो सापडल्यापासून सुरू होत नाही, त्याला शेवटचं धडधाकट पाहिलं तिथपासून सुरू होतं. मोठ्या ठिकाणी आता एमआरआय करून झोपेतल्या लकव्याची वेळ थोडीफार ताडता येते, पण आम्ही होतो तिथं त्या सकाळी सीटी स्कॅन आणि माझं तोंड, एवढीच साधनं. सीटी आठला झाला. रक्तस्राव नव्हता. म्हणजे गुठळीच. घड्याळात आठ वाजून पाच मिनिटं.

आतेभावानं माझा दंड दाबला आणि कानाशी येऊन म्हणाला, "चारला उठले होते म्हण. मामी म्हणायली, पाणी मागितलं म्हणून."

मी मायकडं गेलो. ती कॉरिडॉरमध्ये भिंतीला टेकून उकिडवी बसली होती, दादांच्या चपला हातात धरून. "माय, पाणी मागितलं होतं का रात्री?" "मागितलं की. चारला. मी तांब्या दिला." "नक्की काल रात्रीच?" तिनं माझ्याकडं पाहिलं आणि तिच्या चेहऱ्यावरचं सगळं हललं. "कालच... का परवा? झोपंत होते रे मी. लई दमले होते." येळवशीच्या आदल्या रात्री बायका झोपत नाहीत. भज्जीचं निवडून ठेवायचं, उंडे वळायचे, खिरीची तयारी. दोन्ही रात्री तिच्या डोक्यात एकमेकींत कालवल्या होत्या. चारला पाणी मागितलं असेल, नीट शब्दांत मागितलं असेल आणि उजव्या हातानं तांब्या धरला असेल, तर आमच्याकडं अजून पंचवीस मिनिटं होती. नसेल, तर आम्ही केव्हाच हरलो होतो.

डॉक्टर वाट बघत होते. मी म्हणालो, "रात्री दहा."

त्यांनी मान हलवली, कागदावर लिहिलं, "बरं," म्हणाले आणि सिस्टरकडं वळून दुसरी औषधं सांगायला लागले. इंजेक्शनचा विषय तिथं संपला. गुठळी बारीक फांदीत होती, तार घालून काढण्यासारखीही नव्हती. आतेभाऊ माझ्याशी दोन दिवस बोलला नाही.

खरं बोललो म्हणून मला कधी एवढं वाईट वाटलं नव्हतं. वॉर्डाच्या बाहेर रात्री लादीवर पडून मी मोबाईलवर वाचत बसायचो. गुठळी अडकलेली असताना मिनिटाला मेंदूच्या 19 लाख पेशी मरतात, असा हिशेब एका शास्त्रज्ञानं 2006 साली मांडलाय. ज्या इंजेक्शनबद्दल बोलतोय त्याची मोठी चाचणी अमेरिकेत 1995 मध्ये झाली. ते घेतलेले पुष्कळ जण पुढं स्वतःच्या पायावर घरी गेले, पण शंभरातल्या सहा जणांना मेंदूत रक्तस्राव झाला, न घेतलेल्यांत एकालाही जेमतेम. आणि ही तीन तासांच्या आतली गोष्ट. दहा तासांनी दिलं असतं तर? उपाशी राहून सडलेल्या नळीत रक्ताचा लोंढा सोडायचा तो. हे वाचलं की मला हायसं वाटायचं. मग पंचवीस मिनिटं आठवायची. मग पुन्हा ते सहा जण. पहाटे झाडणारी मावशी यायची आणि म्हणायची, "उठा दादा, फिनाईल टाकायचंय."

वॉर्डातल्या अकरा दिवसांचं फार सांगत नाही, ज्यांनी काढलेत त्यांना माहीत आहे. रेशन कार्डाच्या झेरॉक्स, योजनेच्या खिडकीसमोरची रांग, नाकातली नळी, दर दोन तासाला कूस बदलायची आणि कूस बदलताना त्या लोंबत्या हाताला धरून ओढायचं नाही, खांदा निखळतो. एक प्रसंग मात्र सांगायलाच पाहिजे. तिसऱ्या दिवशी धाकटे काका भाजीच्या पिशवीत दोन जिवंत पारवे घेऊन आले. पारव्याचं रक्त अंगाला चोळलं की गेलेली बाजू परत येते, ही समजूत आमच्याकडं फार जुनी आहे. वॉचमननं गेटवर अडवलं. काका म्हणाले, "आमच्या पेशंटला भेटायला आलेत." शेवटी पारवे सायकल स्टँडवर ठेवून ते वर आले, दादांच्या पायाशी बसले आणि हमसून हमसून रडले. मला त्यांचा राग होता. त्या दिवशी तो गेला. जाताना त्यांनी पारवे सोडून दिले.

दादांचं डावीकडचं डोकं मार खाल्लेलं, म्हणून उजवं अंग आणि बोलणं गेलं. समजत सगळं होतं. 1861 साली पॅरिसमध्ये पॉल ब्रोका नावाच्या डॉक्टरकडं एक माणूस आला होता, वर्षानुवर्षं त्याला एकच अक्षर म्हणता यायचं, 'टॅन'. तो मेल्यावर मेंदू पाहिला तर डाव्या बाजूला, कपाळाच्या मागं जखम. आमच्या दादांना 'हं' म्हणता यायचं. चहा हवा का, हं. दुखतंय का, हं. मी कोण, हं. एका दुपारी त्यांचं ते 'हं' ऐकताना मला गार घाम फुटला. हे मी आधी ऐकलं होतं. येळवशीच्या रात्री, दहा वाजता, ढाळजंत. "झोपा आता." "हं." मोबाईलमधून मान वर न करता मी ज्याला नीट असणं समजलो होतो आणि डॉक्टरला छातीठोकपणे सांगितलं होतं, ते 'हं' कोणतं होतं? तेव्हा त्यांचं तोंड सरळ होतं का? मी पाहिलंच नव्हतं. मग शेवटचं नीट कधी पाहिलं होतं? लोटकं पडलं तेव्हा? दिवाळीत बीपीची गोळी "बरं वाटायलंय की आता" म्हणून त्यांनी बंद केली, तेव्हा? गोळीचं रिकामं पाकीट खिडकीत दिसलं होतं मला. त्याच खिडकीतून मी मोबाईलचा चार्जर काढून घेतला होता.

सुट्टी देताना फिजिओथेरपीच्या मॅडमनं सांगितलं, एक शनिवार आड या. मागच्या बाजूला एक लांबट खोली, हिरव्या रंगाच्या भिंती, सतरंजी, प्लॅस्टिकच्या खुर्च्या. लकवा होऊन गेलेले पेशंट आणि त्यांना आणणारे, असे वीस-पंचवीस जण. मला वाटलं भाषण असेल. पहिल्या शनिवारी तासभर चर्चा झाली ती पायजम्याच्या नाडीवर. एका हातानं नाडी कशी बांधायची? नाही बांधायची, इलॅस्टिक घालायचं, मांडीपर्यंत आधी गेलेला पाय, मग राहिलेला. मग संडासावर. खेड्यात उकिडवं बसायचं भांडं, आणि हा माणूस उकिडवा बसूच शकत नाही. उदगीरकडचे एक मिस्त्री होते, त्यांनी स्वतःसाठी लोखंडी खुर्चीला मध्ये भोक पाडून घेतलं होतं, त्याचं माप त्यांनी सगळ्यांना दिलं. एवढं कामाचं ज्ञान मला इतर कुठं मिळालेलं आठवत नाही. दादा तेव्हा कशावरही रडायचे; सुतळी तुटली तरी, टीव्हीवर पाऊस लागला तरी. मला वाटायचं खचलेत. तिथं चार बायकांनी एकदम सांगितलं, "आमचेबी रडायचे. ते दुखणं हाय, मन नाही." मॅडम म्हणाल्या, बरोबर आहे, मेंदूचा लगाम सैल झाल्यानं असं होतं, त्यावर गोळीही असते.

एक रिटायर्ड कंडक्टर यायचे. त्यांना फक्त शिव्या यायच्या आणि "पुढं सरका". त्यांची बायको शरमेनं अर्धी व्हायची. मॅडमनी तिला समजावलं की शिव्या, प्रार्थना, पाढे, गाणी हे मेंदूत वेगळ्या वाटेनं राहतं, बोलायची वाट बुजली तरी ही वाट शाबूत असते. गाण्याच्या सुरावर बोलणं परत शिकवायची पद्धत अमेरिकेत 1973 पासून आहे. "काका, शिवी तर शिवी, आवाज येतोय ना," असं म्हणून त्या हसल्या आणि कंडक्टरांनी त्यांना एक सणसणीत ऐकवली. खोलीभर हसू. मी त्या खोलीत आणखी एक मोजणी करायचो. पेशंटांत बायका दोन, कधी तीन. बाकी सगळ्या बायका नवऱ्यांना घेऊन आलेल्या. लकवा बायकांना सोडत नाही. मग त्या असतात कुठं? निलंग्याकडच्या एका मावशीनं एकदा सांगितलं, "मला झालं तवा पोरगा म्हणला, घरातच करू की व्यायाम. माझं मीच यष्टीनं यायले." ती दर वेळी ठरलेल्या खुर्चीत बसायची आणि एका हातानं पीठ मळायचा सराव करायची.

दादांना मॅडम म्हणायच्या, "एक, दोन, तीन म्हणा आजोबा." दादा तोंड उघडायचे आणि 'एक'वर अडायचे. ओठ थरथरायचे, डोळे भरायचे, 'हं'. चार शनिवार गेले. पाचव्या वेळी मॅडमनी एका परातीत सोयाबीनचे दाणे ओतले आणि हाताचा व्यायाम म्हणून वाटी दिली: इकडून भरायची, तिकडं ओतायची. दादांच्या उजव्या हाताला मी खालून आधार दिला होता. पहिली वाटी ओतली, अर्धी परातीबाहेर, आणि त्यांच्या तोंडातून स्वच्छ शब्द आला.

"लाभ."

मॅडम म्हणाल्या, "एक म्हणा, आजोबा, एक." दुसरी वाटी. "दोन." तिसरी. "तीन." मॅडमनी परत सुरुवात करून पाहिली. "लाभ." त्या लातूरच्याच, पण नव्या लातूरच्या, क्लासेस आणि फ्लॅटच्या. त्यांना वाटलं चुकतंय. मी काही बोलायच्या आत तो मिस्त्री खुर्चीतून ओरडला, "अवो मॅडम, मापाडी हाय ती माणूस! मापाडी एक म्हणत नसतो!" दादा तीस वर्षं लातूरच्या मार्केट यार्डात मापाडी होते. तूर, करडई, हरभरा, मग सोयाबीन. धान्य मोजताना पहिल्या मापाला एक म्हणायचं नसतं, लाभ म्हणायचं, ही त्यांच्या धंद्याची रीत. आम्ही पोरं लहानपणी गोट्यासुद्धा तशाच मोजायचो, लाभ, दोन, तीन, आणि शाळेत मार खायचो. मॅडमनी हसून वहीत काहीतरी लिहिलं. त्या दिवशी दादा बावीसपर्यंत गेले. बावीसला हात दमला, तोंड नाही.

आता वर्ष झालं. दादा काठीनं चालतात, उजवा पाय थोडा ओढत. सोळा-सतरा शब्द आलेत, मायचं नाव त्यात नाही. तिला ते 'दोन' म्हणतात. का, ते कुणालाच कळलेलं नाही. ती ओ देते. बीपीची गोळी ती स्वतः तोंडात घालते आणि गिळेपर्यंत उभी राहते.

गेल्या महिन्यात परत येळवस आली. कोप केली, चुन्यानं रंगवलेले दगडांचे पांडव मांडले, पण माणसं कमी बोलावली. दादांना खुर्चीत बसवून रानात नेलं. मी बिंदगीतून आंबील काढत होतो आणि माय माझ्या शेजारी लोटकी पुसून देत होती. मध्येच, माझ्याकडं न बघता, ती म्हणाली, "ते पाणी मागितलं होतं बघ तुझ्या दादानं. चारला."

माझा हात थांबला.

"ते आदल्या रातीचं. मी उंडे करत बसले होते तवा. मला आठवलं आता."

मी तिच्याकडं पाहिलं. ती लोटकं पुसत होती, पुसून झालेलंच परत. आदल्या रात्री उंडे करत बसली असेल तर ती झोपेत कशी होती, आणि झोपेत होती म्हणून तर तिला आठवत नव्हतं, हे माझ्या जिभेवर आलं होतं. खुर्चीतून दादांनी डावा हात पुढं केला. "लाभ," ते म्हणाले. मायनं पहिलं लोटकं त्यांना दिलं.